चिंचगुळाच्या जागी बाल्सॅमिक: फ्लेवरवालं व्हिनेगर आपल्या स्वयंपाकात कसं वापरायचं

मागच्या दिवाळीत बहीण पुण्याहून आली आणि पिशवीतून बाल्सॅमिकच्या, म्हणजे द्राक्षाच्या रसापासून केलेल्या इटालियन व्हिनेगरच्या, तीन छोट्या बाटल्या काढल्या, अंजिराचं बाल्सॅमिक, रासबेरीचं बाल्सॅमिक आणि एक संत्र्याचं पांढरं, म्हणाली तू सारखं काहीतरी करून बघत असतेस ना, हे घे. मी लातूरची, आमच्या घरात व्हिनेगर म्हणजे चायनीज करताना टाकायचं पांढरं पाणी, त्यामुळं पहिले पंधरा दिवस बाटल्या तशाच फडताळात बसून होत्या. मग एक दिवस आईनं अंजिराची बाटली उघडली, तळहातावर थेंब घेतला, चाटला, परत एक घेतला आणि म्हणाली, "अगं हे तर चिंचगुळाचंच पाणी हाय की, जरा दाट झालेलं."

त्या एका वाक्यानं माझा सगळा गोंधळ मिटला. आपल्याकडं आंबटगोड काही नवीन नाही, आमटीत चिंचगूळ, भरल्या वांग्यात चिंचगूळ, अंबाडीच्या भाजीत गुळाचा खडा, आणि आमच्या जिल्ह्यातल्या पानचिंचोलीच्या चिंचेला तर जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळं हे व्हिनेगर कशात घालायचं ते शोधायला इटालियन रेसिपी पाठ करायची गरज नाही. जिथं तुमचा हात आपोआप चिंचगुळाकडं जातो तिथं ते चालतं, जिथं जात नाही तिथं बहुतेक चालत नाही. मी वर्षभर हेच धरून करून बघितलंय आणि खालचं सगळं त्यातून आलंय.

आधी ते बनतं कसं ते थोडक्यात सांगते कारण ते कळलं की वापरायची भीती जाते. इटलीत मोडेना आणि रेज्जो एमिलिया हा त्याचा मुलूख. द्राक्षाचा रस मंद आचेवर तासन्‌तास आटवतात, म्हणजे आपल्या गुऱ्हाळावर उसाच्या रसाची काकवी होते ना तशी ही द्राक्षाची काकवी. मग ती आंबते आणि ओक, चेस्टनट, चेरी, तुती असल्या वेगवेगळ्या लाकडांच्या लहान होत जाणाऱ्या पिंपांत मुरत राहते, पिंपं घराच्या माळ्यावर ठेवलेली असतात, उन्हाळ्यात माळा तापतो तसं पाणी उडतं आणि रस घट्ट होतो, हिवाळ्यात निवांत बसतो. अस्सल ट्रॅडिशनल म्हणजे किमान 12 वर्षं मुरलेलं आणि 'एक्स्ट्राव्हेक्यो' लिहिलं असेल तर 25 वर्षं. ते फार महाग असतं आणि ते शिजवायचंच नसतं, वरून थेंब थेंब घ्यायचं. आपल्याला दुकानात जे परवडतं ते द्राक्षाचा घट्ट रस आणि वाइन व्हिनेगर एकत्र करून किमान 60 दिवस ठेवलेलं असतं, त्याच्या नावाला 2009 पासून युरोपात संरक्षण आहे. आता गंमत अशी की त्या संरक्षित नावाच्या नियमात फळाचा फ्लेवर घालायला परवानगी नाही, म्हणून अंजीर रासबेरीवाल्या बाटलीवर 'कॉन्डिमेंट' किंवा 'ड्रेसिंग' असलं काहीतरी लिहिलेलं दिसेल, त्यावरून माल नकली आहे असं समजू नका.

वाइनचं नाव आलं की घरातली मोठी माणसं विचारतात दारू आहे का यात. व्हिनेगर होताना दारूचंच आम्ल होतं, नशा येण्यासारखं त्यात काही राहत नाही. पण कुणाला तत्त्वानं चालत नसेल तर न सांगता खाऊ घालू नका, आधी सांगा.

बाटली घेताना मागचं लेबल वाचा, पुढचं चित्र नाही. घटकांत पहिलं नाव 'ग्रेप मस्ट' म्हणजे द्राक्षाचा रस असेल तर आतलं दाट आणि गोडसर, पहिलं नाव 'वाइन व्हिनेगर' असेल तर पातळ आणि आंबट. दुसरी गोष्ट म्हणजे फ्लेवर कशाचा, अंजिराचा रस किंवा गर लिहिलाय की नुसतं फ्लेवरिंग. इसेन्सवालं एक मी घेतलं होतं, थंड कोशिंबिरीत ठीक लागलं पण गरम भाजीत घातल्यावर खोकल्याच्या औषधासारखा वास यायला लागला. आणि 'ग्लेझ' लिहिलेली पिळायची बाटली वेगळी असते, त्यात साखर आणि घट्ट करायला स्टार्च वगैरे असतं, ती फक्त वरून रेघा ओढायला बरी, फोडणीत किंवा मॅरिनेशनला घेऊ नका.

कुठला फ्लेवर कशाला? अंजीर, खजूर, चेरी असले काळसर गोड फ्लेवर शेंगदाणा, तीळ, खोबरं, येसर मसाला, वांगं, कांदा, मटण यांच्या सोबत उभे राहतात. रासबेरी आणि स्ट्रॉबेरी दही, चक्का, पनीर, बीट आणि फळांसाठी. संत्रं, लिंबू, पीच असल्या पांढऱ्या बाल्सॅमिकचा रंग चढत नाही म्हणून ते काकडी, मुळा, मोसंबी, आंबा यांना. रासबेरी काळ्या मसाल्यात घातलं तर पैसे पाण्यात गेले म्हणून समजा, मसाला ते पार गिळून टाकतो.

आता तीन गोष्टी कुठल्याही पदार्थाला लागू. एक, शेवटी घाला. फळाचा वास हलका असतो, दहा मिनिटं उकळलं की उडून जातो आणि मागं नुसता आंबटपणा राहतो, म्हणून गॅस बंद करायच्या मिनिट दोन मिनिट आधी. दोन, भांडं स्टीलचं घ्या. लोखंडी कढईत घातलं की भाजीला लोखंडाची चव येते आणि रंग काळवंडतो, बिनकल्हईच्या पितळेत तर आंबट काहीच शिजवायचं नसतं, आणि ॲल्युमिनियमसुद्धा नको. तीन, एकाच पदार्थात दोन आंबट घालू नका. बाल्सॅमिक घातलंय तर लिंबू नाही, चिंच नाही, टोमॅटो असेल तर अर्धा. प्रमाण म्हणाल तर चार माणसांच्या भाजीला जिथं तुम्ही लिंबाएवढी चिंच आणि सुपारीएवढा गूळ घ्याल तिथं 2 टेबलस्पून पुरतं, पण पहिल्यांदा 1 च घाला, ढवळा, चाखा, मग पुढचं. कमी पडलं तर घालता येतं, जास्त झालं तर काढता येत नाही.

भरली वांगी मी सगळ्यात जास्त वेळा केलीत म्हणून ती नीट सांगते. अर्धा किलो छोटी काटेरी वांगी, देठ ठेवून चार चिरा देऊन मिठाच्या पाण्यात. सारणाला भाजलेल्या शेंगदाण्याचं कूट एक वाटी, दोन चमचे भाजलेले तीळ, दोन चमचे किसून भाजलेलं खोबरं, लसूण, काळा मसाला किंवा येसर, लाल तिखट, हळद, मीठ, कोथिंबीर. चिंच नाही आणि गूळ नाही, हे लक्षात ठेवा, कारण हात सवयीनं जातोच. सारण भरून शेंगदाण्याच्या तेलात वांगी ठेवा, तेल नेहमीपेक्षा चमचाभर कमी चालेल, बाजू बदलत परता, मग वाटीभर गरम पाणी, झाकण, मंद गॅस. वांग्याच्या देठाजवळ सुरी लोण्यासारखी गेली पाहिजे, साधारण 15 ते 18 मिनिटं. आता झाकण काढा, रस्सा थोडा आटू द्या, कडेला तेल सुटलेलं दिसलं की अंजिराचं बाल्सॅमिक वांग्यांवर ओतू नका, कढईच्या कडेनं गोल फिरवून सोडा. कडेला लागताच चर्र आवाज होतो, आधी नाकाला एक झणका बसतो आणि लगेच मागून भाजलेल्या अंजिरासारखा गोड वास येतो, तो वास आला की एकदाच हलवून गॅस बंद. पाच मिनिटं झाकून ठेवा. ज्वारीच्या गरम भाकरीबरोबर खाताना पहिला घास चिंचेचाच वाटतो, मग हळूहळू कळतं की चिंच नाही, चिंचेपेक्षा गोल आहे, टोचत नाही. आमच्या बाबांनी न विचारता दुसऱ्यांदा वाढून घेतलं होतं.

कांद्याचं पण तसंच मन लावून करा. चार मोठे कांदे पातळ उभे चिरून, दोन चमचे तेल, चिमूट मीठ, आणि मंद गॅसवर 30 मिनिटं, अधूनमधून हलवत, तळाला लागायला लागलं की चमचाभर पाणी. घाई केली तर कांदा करपतो, गोड होत नाही. पूर्ण बदामी मऊ झाला की 1 टेबलस्पून अंजीर किंवा खजूर बाल्सॅमिक, दोन मिनिटं, झालं. हा कांदा धपाट्याबरोबर घ्या, पोळीच्या गुंडाळीत पनीरसोबत घ्या, थंडीत हुरड्याला जाताना डब्यात घेऊन गेलो होतो तर चटणीच्या आधी हाच संपला. फ्रीजमध्ये पाच सहा दिवस राहतो.

कोशिंबिरीला फार सांगण्यासारखं नाही. काकडी, मुळा, कांद्याची पात चिरून ठेवा, मीठ आणि बाल्सॅमिक अगदी ताटं घेताना घाला, आधी घातलं की भाज्यांना पाणी सुटतं आणि सगळी चव त्या पाण्यात जाते. एक भाग संत्र्याचं पांढरं बाल्सॅमिक, दोन भाग तेल. करडईचं घाण्याचं तेल असेल तर फारच उत्तम, त्याचा स्वतःचा वास संत्र्याबरोबर जुळतो. वरून जाडसर शेंगदाण्याचं कूट. ज्यात दही घालता त्या कोशिंबिरीत मात्र रासबेरीचे फक्त चार थेंब, नाहीतर दही आधीच आंबट.

चिकन किंवा पनीर भाजायचं असेल तर दोन टप्पे करा. अर्धा किलो चिकनला 1 टेबलस्पून बाल्सॅमिक, आलं लसूण, तिखट, मीठ, तेल, आणि 30 ते 40 मिनिटं पुरे, रात्रभर ठेवलं तर आम्लानं मांसाचा वरचा थर पिठूळ होतो. भाजायला टाकताना वरचं बाल्सॅमिक निपटून टाका, कारण त्यात साखर आहे आणि मोठ्या गॅसवर ती आतलं मांस शिजायच्या आत जळून कडू होते. पूर्ण शिजलं की शेवटच्या दोन मिनिटांत ताजं बाल्सॅमिक ब्रशनं लावा, चकचकीत थर बसतो. चिकन ज्यात मुरवलं ते उरलेलं पाणी वरून लावू नका, ते कच्च्या मांसाचं आहे. उस्मानाबादी शेळीच्या मटणाचा रस्सा करते तेव्हा मी अंजिराचं अर्धा चमचाच घालते, तेसुद्धा वाढायच्या आधी, त्या रश्श्याला फार मदतीची गरज नसते.

साध्या वरणात? घालू नका. वरणाला तूप आणि लिंबूच. आंबटगोड आमटीत चालतं, एक चमचा, शेवटी.

घट्ट पाक करायचा असेल, म्हणजे ग्लेझ घरी करायचं असेल, तर त्यासाठी महाग बाटली वापरू नका, साधं पातळ बाल्सॅमिक घ्या. 1 कप स्टीलच्या पातेल्यात, मंद गॅस, खिडकी उघडी आणि तोंड पातेल्यावर नको, वाफेनं डोळे चुरचुरतात. साधारण 12 ते 15 मिनिटांत निम्म्याहून कमी होतं. बुडबुडे बघत राहा, सुरुवातीला ते मोठे आणि पटकन फुटणारे असतात, मग लहान, दाट आणि चमकदार व्हायला लागतात. चमच्याच्या पाठीवर घेऊन बोटानं रेघ ओढा, रेघ राहिली की बंद करा. अजून जरा पातळ वाटलं तरी बंदच करा, थंड झाल्यावर ते काकवीसारखं होतं, जास्त आटवलं तर चिक्कीच्या पाकासारखं भांड्याला चिकटून बसतं आणि कडू लागतं. फ्लेवर हवा असेल तर गॅस बंद केल्यावर त्यात एक चमचा अंजीर किंवा रासबेरीचं न उकळलेलं मिसळा, वास तसाच राहतो.

आता गोडाकडं. इथं लोक घाबरतात, गोडात व्हिनेगर कसं म्हणून, पण श्रीखंडाचा चक्का आंबटच असतो की. गोडाचा एकच नियम, गरम दुधात घालायचं नाही. बासुंदी, खीर, रबडी, गरम दूध काहीही असो, आम्ल पडलं की दूध फाटतं. आधीच विरजलेलं किंवा गोठवलेलं असलं तर चालतं, दही, चक्का, आईस्क्रीम.

श्रीखंड करताना साखर नेहमीपेक्षा थोडी कमी घाला आणि वाटी भरल्यावर वरून रासबेरीचं अर्धा चमचा सोडा, आत घोटू नका. घोटलं की रंग मळका गुलाबी होतो आणि चव सगळीकडं सारखी होऊन हरवते. वरून सोडलं तर एका घासात आंबट, एका घासात केशर, अशी मजा येते.

जालन्याच्या मोसंबीची कातडी आणि पांढरा पापुद्रा काढून गोल चकत्या करा, चिमूट मीठ, थोडी मिरपूड, पुदिन्याची पानं आणि 2 चमचे संत्र्याचं पांढरं बाल्सॅमिक, अर्धा तास फ्रीजमध्ये. जेवण जड झालं असेल तर गोडाच्या ऐवजी हे द्या. पिकलेल्या पेरूला अंजिराचं बाल्सॅमिक, काळं मीठ आणि तिखट लावून बघा, शाळेबाहेर खाल्लेल्या पेरूची आठवण होईल पण त्यापेक्षा खोल. स्ट्रॉबेरी मिळतात तेव्हा 250 ग्रॅम चिरून 1 टेबलस्पून साखर आणि 2 चमचे कुठलंही गोडसर बाल्सॅमिक घालून 30 मिनिटं ठेवा, स्वतःच्याच रसात बुडतात, फिक्या आणि आंबट निघालेल्या पेटीचंसुद्धा सोनं होतं. केसर आंब्याच्या फोडींना पांढऱ्याचे थोडेच थेंब, आणि तेही आंबा फार गोड असेल तरच.

बीडच्या बालाघाटातल्या सीताफळाला मात्र हात लावू नका. मी दोनदा प्रयत्न केला, एकदा रासबेरी आणि एकदा संत्रं, दोन्ही वेळा सीताफळाचा तो नाजूक वास कुठंच राहिला नाही. पुरणपोळीलाही नको, तिला तूप आणि कटाची आमटी आहे. त्या कटाच्या आमटीत एक चमचा अंजिराचं चालतं, ते वेगळं.

उन्हाळ्यात आमच्याकडं पारा 42 च्या पुढं गेला की स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, तेव्हा ही बाटली सरबताला काढते. ग्लासात 2 चमचे रासबेरी बाल्सॅमिक, 1 चमचा साखरेचा पाक, चिमूट सैंधव, बर्फ, आणि वरून थंडगार सोडा हळू ओता, जोरात ओतलं तर फेस ग्लासाबाहेर येतो. कोकम सरबत ज्यांना आवडतं त्यांना हे हमखास आवडतं. ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे त्यांनी रिकाम्या पोटी घेऊ नये.

फ्लेवरवाली बाटली आपल्या गावात मिळत नाही किंवा परवडत नाही तर घरी करा, मी आता तेच करते. जूनमध्ये जांभळं आली की 1 वाटी पिकलेली, धुऊन एकदम कोरडी पुसलेली, बिया काढून चुरडलेली जांभळं काचेच्या बरणीत घ्या, वर 2 वाट्या साधं बाल्सॅमिक हलकं कोमट करून ओता, उकळू नका. जांभळं पूर्ण बुडाली पाहिजेत. गार झालं की बरणीचं झाकण लावून फ्रीजमध्ये 5 ते 7 दिवस, रोज एकदा हलवा. झाकण लोखंडी पत्र्याचं असेल तर मध्ये प्लॅस्टिकचा तुकडा घाला नाहीतर गंजतं. मग मलमलच्या कापडातून गाळा, पिळू नका, पिळलं की गढूळ होतं आणि जांभळाचा तुरटपणा जास्त उतरतो. गाळलेलं फ्रीजमध्येच ठेवा आणि महिनाभरात संपवा, कारण फळातल्या पाण्यानं आम्ल थोडं पातळ झालेलं असतं. सुक्या अंजिराचं तर याहून सोपं, 6 अंजिरं बारीक चिरून 1 वाटी बाल्सॅमिकमध्ये, बाकी सगळं तसंच, आणि गाळून उरलेली अंजिरं टाकू नका, ती पराठ्यात घाला.

विकतची बाटली फ्रीजबाहेर राहते, पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात गॅसशेजारच्या फळीवर ठेवू नका, खालच्या अंधाऱ्या कप्प्यात ठेवा आणि बूच घट्ट लावा. तळाला थोडा गाळ दिसला तर घाबरू नका, हलवून वापरा. वर बुरशीचा पापुद्रा दिसला किंवा घरी केलेल्याला फेस येऊन कुबट वास आला तर मात्र वरचं काढून वापरायचा मोह नको, सगळं ओतून द्या. बुचाजवळ साखर चिकटून बसते, दर आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर आमच्यासारखी मुंग्यांची रांग थेट कप्प्यापर्यंत लागते.